भरला डबा परत न्यायचा नाय

काशिरामचं पोट सुटलंय हे पहिल्यांदा रंभाच्या लक्षात आलं. बायकोच ती. ज्या सकाळी त्यानं पट्ट्याला खिळा तापवून नवं भोक पाडलं, त्या सकाळी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "डबे पोचवता का खाता वो तुमी?"

"वय झालं," काशिराम म्हणाला.

"वय झाल्यावर मानूस वाळतो. तुमी भिजत घातलेल्या वालासारखे फुगताय."

काशिराम हसला आणि टीव्हीएसला किक मारून निघाला. रंभा थट्टा करत होती आणि नेमकं बोटही ठेवत होती. पण बायकोच्या थट्टेकडे लक्ष द्यायचं असतं ही अक्कल पुरुषाला नेहमी महिना-दोन महिने उशिरा येते.

काशिराम आपट्याजवळच्या पाड्यातला. बावीस वर्षं तो पनवेलच्या घरांतून डबे उचलून कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि तिथून पुढे तळोज्याच्या कंपन्यांच्या ऑफिसांत पोचवत होता. मुंबईच्या डबेवाल्यांचं नाव मोठं. त्यांचे फोटो काढायला परदेशातून माणसं येतात. काशिरामचा फोटो आजवर एकदाच निघाला, तोही कळंबोली सर्कलला सिग्नल तोडताना, आणि तो थेट चलनासकट घरी आला. एकेकाळी त्याच्याकडे नव्वद डबे होते. आता पोरंसोरं मोबाईलवर बोट टेकवून जेवण मागवतात, त्यामुळे उरले होते अडतीस. ती सगळी जुनी गिऱ्हाइकं. ज्यांच्या बायका अजून सकाळी उठून रांधत होत्या आणि ज्यांना ते अजून आवडत होतं, अशी.

ही डब्यांची लाइन मूळची जोमादादा या जुन्या डबेवाल्याची. म्हातारा जायच्या आधी काशिरामला आपली सायकल देऊन गेला आणि सायकलीबरोबर धंद्याची रीतही. "जाताना डबा उघडायचा नाय," जोमादादा सांगायचा. "घरचं बोलनं हापिसात न्यायचं नाय, हापिसचं घरी आनायचं नाय. आनी भरला डबा बाईच्या हातात परत द्यायचा नाय. मेलास तरी नाय."

ही शेवटची रीत जोमादादा ठेच लागून शिकला होता. एका बाईला त्यानं एकदा जसाच्या तसा भरलेला डबा परत दिला. बाईनं झाकण उघडलं, आणि दारातच बसून रडायला लागली. रात्री त्या घरात भांडण पेटलं, दुसऱ्या दिवसापासून नवरा हॉटेलात जेवू लागला. गिऱ्हाईक गेलं ते गेलं, वर कुणाच्या संसारात काडी टाकल्याचं पाप. तेव्हापासून रीत ठरली. डबा परत येताना हाताला जड लागला, तर वाटेत उघडायचा, लोखंड बाजारातल्या हमालांना घालायचा, आणि बाईच्या हातात रिकामाच द्यायचा. "रिकामा डबा म्हंजे बाईचा पगार," जोमादादा म्हणायचा. "तो कापायचा आपल्याला काय अधिकार?"

काशिरामला ही रीत फार आवडायची. आपण नुसते हमाल नाही, चार घरांची अब्रू सांभाळतो, असं त्याला वाटायचं. वाटायला काय जातं.

त्याच्या अडतीस डब्यांत एक डबा नियाजभाईंचा. नियाजभाई कळंबोलीला वजनकाट्यावर कारकून. लोखंडानं भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन लिहायचं. माल उतरवून रिकामी परत येते, तिचं वजन लिहायचं. मधला फरक म्हणजे माल. सत्तावीस वर्षं नियाजभाई हेच करत आले होते. माणूस काटकुळा, जिभेला धार. काशिराम डबा घेऊन आला की ते केबिनच्या खिडकीतून म्हणायचे, "आला का आमचा उडता काटा."

कारण काशिरामचा हात. डबा उचलला की तो वजन सांगायचा. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं पैज लावली, तेव्हा किराणावाल्याच्या तराजूवर डबा ठेवला आणि काशिरामचा अंदाज फक्त वीस ग्रॅमनं चुकला.

"माझा काटा दहा किलोच्या खालचं बघतच नाही," नियाजभाई म्हणाले. "तुला इथं बसवायला पाहिजे आणि मला डबे वाहायला."

"तुमी वाहिलेत तर पोचतील का?"

"नूरुन्निसाच्या हातचा तर नाही पोचणार. सर्कल यायच्या आतच संपेल."

आणि ते खोटं नव्हतं. नियाजभाईंच्या बायकोच्या, नूरुन्निसाभाभींच्या हाताला चव अशी, की मोहल्ल्यात कुणाकडे लग्न निघालं की आधी त्यांना निरोप जायचा. तांदळाच्या पातळ रोट्या, बोंबलाचं सालन, वालाचं बिरडं, सणावाराला सांदणं. नियाजभाईंचा डबा येताना इतका हलका यायचा की काशिराम म्हणे, "भाभी, हा धुवू नका, उगाच पानी वाया."

तो डबा डिसेंबरात पहिल्यांदा जड लागला.

काशिरामनं केबिनच्या बाहेरच्या खिळ्यावरून तो काढला आणि थबकला. "नियाजभाई, आवडला नाय का आज?"

"आवडायला काय झालं? पोट बरं नाही रे. ने."

काशिराम घेऊन निघाला. वाटेतल्या पुलाखाली गाडी लावून उघडलं तर दोन रोट्या शिल्लक आणि त्यांच्यापुरतं सालन. हे हमालांना द्यायचं? त्याच्या जिवावर आलं. वास घेतला, एक घास मोडला. मग दुसरा. संध्याकाळी मोहल्ल्यात भाभींच्या हातात डबा दिला तो लख्ख रिकामा. भाभींनी सवयीनं झाकण उघडून पाहिलं आणि समाधानानं आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात दोनदा जड आला. जानेवारीत रोजच येऊ लागला. काशिराम रोज पुलाखाली थांबू लागला, आणि खरं सांगायचं तर सकाळपासून त्या थांबण्याची वाट बघू लागला. रंभानं बांधून दिलेली भाकर तो आता हमालांना देई. जानेवारीत एक दिवस सालनात मीठच नव्हतं. त्यानं शेजारच्या वडेवाल्याकडून कागदाच्या चिठोऱ्यावर मीठ मागून घेतलं, वर भुरभुरवलं, आणि मनातल्या मनात भाभींवर थोडा चिडलासुद्धा. फुकटचं खाणाऱ्याची जीभ सगळ्यात चोखंदळ असते.

नियाजभाई वाळत चालले होते, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण ते मुळातच काटकुळे. "डॉक्टरला दाखवलंत?" असं त्यानं एकदा विचारलं, तर म्हणाले, "दाखवलं. गोळ्या दिल्या ॲसिडिटीच्या." आपण बोललो, आपलं काम झालं, असं काशिरामला वाटलं. भाभींना काही सांगायचा प्रश्नच नव्हता. हापिसचं घरी न्यायचं नाही, ही रीत.

मग रमजान आला. दर वर्षी या महिन्यात नियाजभाईंचा डबा बंद असायचा. काशिराम आपला पुन्हा रंभाची भाकर खाऊ लागला, आणि त्याला ती फार कोरडी लागली.

नियाजभाईंच्या घरात मात्र पहिल्यांदाच नवऱ्याचं सगळं जेवण बायकोच्या डोळ्यांसमोर आलं. इतके दिवस नियाजभाई रात्री ताटावरून लवकर उठायचे आणि भाभी समजायच्या, दुपारी पोटभर झालं असेल. डबा साक्षीला होता ना. आता मधे डबा नव्हता. चौथ्या रोज्याला इफ्तारीचा खजूर आणि पाणी, एवढंही पोटात ठरलं नाही. पाचव्या दिवशी भाभींनी लेकीला, माहनूरला बरोबर घेऊन त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेलं. जठरात गाठ निघाली. चांगली वाढलेली.

काशिरामला हे कळलं ईदनंतर. डबा सुरू झाला नाही म्हणून तो चौकशीला गेला तेव्हा. माहनूरनं दार उघडलं. भाभी स्वयंपाकघरात पेज ढवळत होत्या. त्यांनी त्याला तिथंच स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

"डॉक्टर विचारतात, जेवण कधीपासून कमी झालं. मी म्हटलं, कमी कुठं झालं? रमजानपर्यंत डबा चाटूनपुसून यायचा. विचारा काशिरामभाऊंना. ते म्हणाले, असं कसं होईल. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय." त्यांनी पळी बाजूला ठेवली. "आधी मोहल्ल्यातल्या डॉक्टरनंही यांना तपासून झाल्यावर मला बाहेर बोलावून हेच विचारलं होतं. खाणं कसं आहे? मी हसून म्हटलं, खाण्याची काही काळजी नाही. म्हणून तर त्यानं गोळ्या दिल्या."

काशिरामचा हात आपोआप सुटलेल्या पोटावर गेला. तो बोलणार होता. तोंडही उघडलं होतं त्यानं. पण भाभींचं संपलं नव्हतं.

"एकच समाधान आहे बघा भाऊ. शेवटपर्यंत माझ्या हातचं खाल्लं त्यांनी. जानेवारीत एकदा मी सालनात मीठच विसरले. दुपारी लक्षात आलं, जीव नुसता वरखाली. म्हटलं, आता आल्यावर बोलतील. एरवी कणभर कमी पडलं तर सोडत नाहीत, तुम्हाला माहीत आहे जीभ त्यांची. आले, पंख्याखाली बसले, एक अक्षर नाही. आणि डबा? रिकामा. अळणी सालन पूर्ण खाल्लं माणसानं, मला वाईट वाटू नये म्हणून." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "हे असं कोण करतं?"

काशिरामनं उघडलेलं तोंड मिटलं.

आतल्या खोलीत नियाजभाई पलंगावर पडले होते. उशीवर नुसती हाडं ठेवल्यासारखी. त्याला बघून मात्र हसले. "ये उडत्या काट्या. सांग वजन."

"काय नियाजभाई..."

"दहा किलोच्या वर घटलंय. आता माझ्या काट्यालासुद्धा दिसेल." मग दाराकडे नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "एक गंमत सांगू तुला? तीन महिने मी भरलेला डबा घरी पाठवत होतो. ही बाई उघडून बघायची ना रोज? एका शब्दानं विचारलं नाही मला. मी वाट बघत होतो. मला आपण होऊन बोलायला जमत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, ती विचारेल, का जेवत नाही, की मग सांगेन, आत काहीतरी बरं नाही, भीती वाटते. रोज संध्याकाळी पंख्याखाली बसून वाट बघायचो. आज विचारेल. नाही विचारलं." त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "दमली असेल. सत्तावीस वर्षं रांधतेय. माणूस दमतो."

पलंगापासून चुलीपर्यंत मधे एक भिंत आणि दहा पावलं. तिकडे बाई म्हणत होती, सगळं खाल्लं. इकडे माणूस म्हणत होता, एका शब्दानं विचारलं नाही. आणि मधे स्टुलावरून उठून आलेला काशिराम. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. ते उचलून दहा पावलांवर पोचवायचं, एवढंच काम. बावीस वर्षं त्यानं याहून लांब आणि याहून जड वाहिलं होतं.

"मी येतो उद्या," तो म्हणाला.

"ये. डबा आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो गेला. उरणहून भाभींचे भाऊ-भावजय आले होते, घर भरलेलं. त्यांच्यासमोर काय बोलणार. तीन दिवसांनी गेला तेव्हा नियाजभाईंना औषधानं झोप लागली होती. माहनूर म्हणाली, "उठवू का काका?" तर हाच म्हणाला, "नको नको, झोपू दे." त्याला केवढं हायसं वाटलं ते त्यालाच ठाऊक. नंतर तळोज्याच्या एका कंपनीचे सहा डबे एकदम बंद झाले, तो त्या धावपळीत पडला. म्हणजे पडायची गरज नव्हती, पण पडला. मे महिन्याच्या एका शुक्रवारी मोहल्ल्यातून निरोप आला.

काशिराम दफनाला गेला. खांदा दिला. एवढा अख्खा माणूस, आणि खांद्याला काही लागलंच नाही. हाताला, खांद्याला वजन कळतं याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

त्या रात्री तो जेवला नाही, तेव्हा रंभानं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे ते पोट त्या बाईच्या रांधण्याचं."

"आता सांगून काय उपयोग? डॉक्टर म्हनले म्हनं, तीन महिने आधी आले असते तर..."

"डॉक्टर सगल्यांनाच म्हनतात तसं."

"मग नको सांगू?"

"मी तसं बोलले का?" रंभा म्हणाली. "भरला डबा लपवलात. आता हे बी लपवा. तुमाला रीत हाय ना. ज्याला सांगायचं तो गेला. आता जिला सांगायचं ती हाय. बघा तुमचं तुमी."

नूरुन्निसाभाभी इद्दतीत बसल्या होत्या. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस बाई परक्या पुरुषासमोर येत नाही. चाळिसावा दिवस झाल्यावर एका दुपारी काशिराम गेला. माहनूरनं त्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली, आतल्या दाराचा पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, "अम्मी ऐकतेय काका. बोला." आणि ती पडद्याशीच उभी राहिली, हाताची घडी घालून.

पडद्यावर निळी फुलं होती. काशिराम त्या फुलांना सगळं सांगत गेला. जोमादादाची रीत, डिसेंबर, खिळ्यावरचा डबा, पूल. "मी खाल्लं भाभी," तो म्हणाला. "हमालांना बी दिलं नाय. मीच खाल्लं."

पडद्यामागे बांगड्यांचासुद्धा आवाज नव्हता. बांगड्या आता नव्हत्याच. माहनूर त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं ते त्यानं मुकाट्यानं घेतलं.

मग भाभींचा आवाज आला. "मीठ नव्हतं त्या दिवशीचं?"

खोटं बोलायला जागा होती. एक दिवस, फक्त तो एक दिवस त्यांच्याकडे राहू द्यायचा. माहनूरनंसुद्धा डोळ्यांनी तसं सुचवल्यासारखं त्याला वाटलं. पण दया त्यानं एकदा करून पाहिली होती, आणि तिचं काय झालं ते सगळ्यांच्या समोर होतं.

"ते बी मीच, भाभी. वडेवाल्याकडून मीठ मागून घेतलं."

रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. माहनूर म्हणाली, "काका, आता..." आणि आतून भाभींनी तिला थांबवलं.

"आधी काय उरायला लागलं?"

"आं?"

"डब्यात. आधी काय उरायचं? सांगा मला. तुम्ही बघितलंय, मी नाही बघितलं."

काशिरामनं डोळे मिटले. त्याला सगळं आठवत होतं, हातालाही आणि जिभेलाही. "आधी रोट्या," तो म्हणाला. "डिसेंबरात दोन रोट्या उरायच्या, सालन कमी. मग मासा. काट्याचा नको वाटत असेल, वरचा रस्सा खाल्लेला असायचा. बिरडं एकदा पूर्न खाल्लं होतं. गुरवार होता. त्या दिवशी डबा हलका आला, मना कायच भेटलं नाय." तो बोलून गेला आणि ओशाळला. "मग भात बी उरायला लागला. फेब्रुवारीत तर हात लावलेला नसायचा."

"कशालाच नाही?"

"लोनच्याला," काशिराम म्हणाला. "कैरीची फोड तेवढी चोखलेली असायची. रोज. बाकी सगलं तसंच, आनी लोनचं तेवढं संपलेलं."

यापुढचं त्यानं सांगितलं नाही. रोज पंख्याखाली बसून ते तुमी विचारायची वाट बघत होते, हे वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. नेहमीसारखी भीती होती की पहिल्यांदाच आलेलं शहाणपण, हे त्याला आजही सांगता येत नाही.

पडद्याआड कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज झाला.

"म्हणजे आंबट चालत होतं त्यांना," नूरुन्निसाभाभी म्हणाल्या. आवाज काशिरामसाठी नव्हता, लेकीसाठीही नव्हता. "आमसुलाचं सार दिलं असतं मी. पातळ, गरम. बाटलीत भरून दिलं असतं. त्याला काय लागतं? रोज दिलं असतं."